शब्द दिल्याचा हंगाम

खाचरातलं भात पिवळं पडायला लागलं की माझ्या फोनवर देशोदेशीच्या तारखा वाजायला लागतात. आमच्या रिह्याच्या खोऱ्यात आंबेमोहोराचा वास भरून राहतो, शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणाऱ्या गाड्यांच्या काचा आपोआप खाली होतात, आणि नेमक्या याच आठवड्यांत जगभरातल्या विद्यापीठांना संशोधक हवे असतात. फेलोशिपच्या मुदती ज्यांनी ठरवल्या त्यांच्यापैकी कुणीही कधी भात कापलेलं नसणार, एवढं नक्की. गेली चार वर्षं माझा कार्तिक असाच जातो आहे. सकाळी विळा, दुपारी हेतुपत्र, बोटांना कापल्याच्या बारीक रेघा आणि त्याच बोटांनी टाइप केलेलं 'आदरणीय प्राध्यापक महोदय'. आता तर अशी सवय झाली आहे की पाठ दुखत नसेल तर मला इंग्रजीत धड वाक्य सुचत नाही.

गावात मला खेकड्यांची डॉक्टर म्हणतात. भाताच्या बांधांत बिळं करून राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर मी पीएचडी केली. बांध फोडतात म्हणून ज्यांना माझे वडील, आबा, आयुष्यभर कुदळीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, ठेचत आले, त्यांच्या पाठीवर मी नेलपॉलिशचे ठिपके देऊन त्यांची मोजदाद केली. "नखाला लावायचं सोडून खेकड्याला लावतीया," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आमच्या भावकीतले बबनकाका तर अजून विचारतात, "तिकडं परदेशात खेकडी न्हाईत व्हय, का मोजायला माणूस न्हाई?" मी म्हणते, "दोन्ही हायेत काका, पर तुमचा बांध त्यांनी बघितल्याला न्हाई." काका तंबाखू मळत निघून जातात.

मला जायचं आहे ते एका प्रश्नासाठी. जिथे बिळं बुजवली तिथे भाताची मुळं वरवर राहिली, जिथे राखली तिथे ती खोल गेली, असं मला आमच्याच चार खाचरांत दिसलं. असं का होतं हे तपासायला जी यंत्रं लागतात ती माझ्या आवाक्यात नाहीत. मी ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते तिथे एक सूक्ष्मदर्शक आहे आणि तो कुलपात असतो. म्हणून दोन वर्षं बाहेर जायचं, उत्तर घ्यायचं आणि परत यायचं. पण या फेलोशिप पीएचडीनंतर ठरावीक वर्षांच्या आतच मिळतात. माझी ती वर्षं या डिसेंबरात संपतात. त्यानंतर मी कितीही हुशार झाले तरी त्यांच्या लेखी म्हातारी.

आज सकाळी बांधावर बसून विळ्याला धार लावत होते आणि तीन कापण्यांपूर्वीचा तो हंगाम आठवला. असा वासाचा वारा सुटला की तो आठवतोच, मला आवडो न आवडो.

तेव्हा मी मारुंजीत एका खोलीत कॉट भाड्याने घेऊन राहायचे. खाली टेम्पो, दुचाक्या, पावभाजीचा तवा, आणि वर चार पोरी. दोघी हिंजवडीत कंपनीत, एक मी, आणि एक सुवर्णा. सुवर्णा भुकूमची, मेंढ्या राखणाऱ्या धनगर घरातली. मेंढ्या कुठलं गवत आधी खातात आणि कुठलं सोडतात यावर तिची पीएचडी. तिचे वडील हे सगळं तोंडपाठ सांगू शकतात, पण त्यांना कुणी पदवी दिली नाही म्हणून तिने घेतली, असं ती स्वतःच म्हणते. आम्ही दोघी एकाच बॅटरीवर दोन फोन लावून जगभरातल्या प्राध्यापकांना पत्रं लिहायचो. एकेक पत्र आठ-आठ दिवस. आधी त्यांचे लेख वाचायचे, मग त्यांच्या कामाबद्दल खरं वाटेल तेवढंच चांगलं बोलायचं, मग आपलं काम.

कंपनीतल्या पोरींना हे बघवायचं नाही. त्यातली नेहा म्हणायची, "यार, एकदम पन्नास जणांना मेल टाक ना. इथं सगळे असंच करतात. हातात तीन ऑफर ठेवायच्या, दोन शेवटच्या दिवशी सोडायच्या." मारुंजीच्या त्या गल्लीत निम्मी माणसं खिशात दोन-दोन कंपन्यांची पत्रं घेऊन फिरत होती आणि कुणालाच त्याची लाज वाटत नव्हती. मी त्यांच्याकडे जरा वरूनच बघायचे, हेही कबूल करते.

मग हेलेनबाईंचं उत्तर आलं. उत्तरेकडच्या थंड देशातल्या या बाई पाणथळ जमिनीतल्या जिवांवर काम करतात. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमचं काम मला फार आवडलं. तुम्ही माझ्या गटात आलात तर मला आनंद होईल. जरूर अर्ज करा.' मी तशीच उठले, भूगावच्या फाट्यापर्यंत बस, पुढे जीप, आणि थेट खळ्यावर. झोडणी चालू होती. आबा भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होते, आई दाणे गोळा करत होती. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. आबांनी पेंढी खाली ठेवली.

"परत सांग. आनंद हुईल म्हणली?"

"व्हय."

"नावानिशी लिवलंय?"

"खाली नाव हाय तिचं."

"मंग शब्द दिला तिनं."

आमच्याकडे सोयरीक जुळली की सुपारी फोडतात. एकदा ती फुटली की दोन्ही घरं दुसरीकडे बघणं बंद करतात. कागद नाही, सही नाही. फुटलेल्या सुपारीचा तुकडा ज्याने तोंडात टाकला तो बांधला गेला. आबांच्या हिशेबी हेलेनबाईंनी सुपारी फोडली होती. माझ्या लॅपटॉपमध्ये आणखी दोन अर्ज अर्धे भरून पडले होते, एक बेटावरच्या विद्यापीठाचा, एक नदीकाठच्या संस्थेचा. मी ते बोलून दाखवल्यावर आबा चिडले. "एका घरची सुपारी खायाची आन् दुसऱ्याच्या दारात हुबं ऱ्हायचं? आपल्यात चालतं व्हय हे?"

खापर आबांवर फोडून मला मोकळं होता येणार नाही. ते शेतकरी माणूस, मी डॉक्टर. पण मलाही ते मनापासून पटलं. नेहाच्या त्या तीन ऑफरींपेक्षा हे मला स्वच्छ वाटलं. मी हेलेनबाईंना लिहिलं की मी अर्ज फक्त तुमच्याकडेच करते आहे, निश्चिंत राहा. बाकीच्या दोन तारखा माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. नदीकाठच्या संस्थेची मुदत संपली त्या दिवशी मी आईबरोबर भात वारवत होते. सूप उंच धरलं की तूस बाजूला उडतं आणि दाणे पायाशी पडतात. मी मजेत होते, गाणी म्हणत होते, हे आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

आबांनी त्या वर्षीच्या आंबेमोहोरातलं एक पोतं बाजूला काढलं. त्याच्या तोंडाला लाल दोरी बांधली. ते हेलेनबाईंचं पोतं. पोरगी घरी ठेवून घेणाऱ्या बाईकडे रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, असा त्यांचा साधा विचार. विमानात किती नेऊ देतात ते मी सांगितलं, तर म्हणाले, "सांग त्यास्नी, बियाण्याचं हाय म्हणावं." घरात येणारा प्रत्येक जण ते पोतं बघून जाई. सगळ्या रिह्याला कळलं की यांची थोरली चालली.

माघात दोन ओळी आल्या. या वर्षी अर्जांचा दर्जा फारच वरचा होता, तुमची निवड करता येत नाही याचा खेद वाटतो. खाली नाव नव्हतं, नुसता विभाग होता.

मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. आबांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी माझंच काहीतरी चुकलं असेल असं वाटलं. मग म्हणाले, "तिला फोन लाव. इचार, बोलावलं कशाला मग?" फोन नाही, पण पत्र मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं, तेही लांबलचक आणि प्रेमळ. निवड समिती करते, माझ्या हातात काही नसतं, काम चांगलं दिसलं की मी सगळ्यांनाच अर्ज करा म्हणते, आमच्याकडे त्याला प्रोत्साहन समजतात, तुमचा असा गैरसमज झाला असेल तर मला वाईट वाटतं. बाई भली आहे. तिच्यावर माझा राग नाही.

राग आला तो इथल्या शहाण्यांचा. माझे मार्गदर्शक सर हसून म्हणाले, "अगं, ते सगळ्यांनाच तसं लिहितात, तू खरं मानलंस?" एका सेमिनारला ही गोष्ट त्यांनी चहाबरोबर चार जणांना सांगितली, आणि चौघेही हसले. गावाकडच्या पोरी कशा भोळ्या असतात याचा किस्सा झाला माझा. मी तिथेच म्हणाले, "सर, मानलं. माणूस लिहून देतो ते मानायचं, असं मला घरी शिकवलंय. सगळ्यांनाच लिहीत असतील, तर सगळ्यांनाच उत्तर द्यायला पाहिजे." सरांनी पुढे महिनाभर माझ्या फोनला उत्तर दिलं नाही, आणि मीही दोनदाच केला.

लाल दोरीचं पोतं मात्र घरात तसंच होतं. आई त्याला हात लावेना, आबा त्याकडे बघेनात. शेवटी रोपं टाकायच्या दिवसांत मीच दोरी सोडली. आबा दारात उभे होते. म्हटलं, "आबा, बियाण्याचं हाय ना? मंग पेरू या." त्या वर्षी चारही खाचरांत हेलेनबाईंचं भात लावलं. लोंब्या भरून आल्या, काही विचारू नका. आज मी ज्या खाचरात कापते आहे ते त्याच भाताचं भात आहे. अपमान रुजवून खाल्ला आम्ही, वर शेजाऱ्यांनाही वाटला.

त्यानंतर माझी अर्ज करायची रीत बदलली. ती बदलली सुवर्णामुळे, आणि खरं तर सावडीमुळे. आमच्याकडे कापणीला मजूर आजही कमीच लावतात. आज चार घरं माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. याला सावड म्हणतात. जेवढे दिवस तुम्ही माझ्याकडे राबलात तेवढे मी तुमच्याकडे राबणार. त्या पावसाळ्यात सुवर्णा मारुंजीच्या खोलीत म्हणाली, "शेतात सावड करतो, मंग अर्जात एकेकटं का मरायचं?"

तेव्हापासून एक रविवार माझ्या अर्जाचा, एक तिच्या. ती माझा प्रस्ताव वाचून लाल करायची, मी तिचा. एका अर्जात रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. आमच्या घराला दोन्ही नाही. तासभर झगडल्यावर सुवर्णाने रस्त्याच्या जागी 'खळ्याशेजारी' लिहिलं आणि क्रमांक एक टाकला. आजही तीन खंडांतल्या संगणकांत माझा पत्ता 'एक, खळ्याशेजारी' असा आहे. दुसऱ्या एका अर्जात विचारलं होतं, तुमच्या कारकिर्दीत आठ महिन्यांचा खंड का पडला? आबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे ते महिने. मी माफी मागितल्यासारखं काहीतरी लिहीत होते. सुवर्णाने ते खोडलं. मग मी लिहिलं, 'खंड पडलेला नाही. त्या आठ महिन्यांत मी चार खाचरं एकटीने लावली, कापली आणि त्यातल्या प्रत्येक बिळाची नोंद ठेवली. नोंदी सोबत जोडल्या आहेत.'

शिफारसपत्राचा तर निराळाच तमाशा. सर म्हणाले, तूच मसुदा लिहून आण, मी बघून सही करतो. आपल्याकडे हे चालतंच. स्वतःची स्तुती लिहायला बसले की माझा हात जागचा हलेना. सुवर्णाचंही तेच. मग माझा मसुदा तिने लिहिला, तिचा मी. तिने लिहिलं होतं, 'ही बाई चुकली तर चूक कबूल करते, आणि कबूल केल्यावर गप्प बसत नाही.' सरांनी त्यातलं दुसरं अर्धं वाक्य काढून टाकलं, उरलेल्यावर सही केली.

गेल्या कापणीत मी सात ठिकाणी अर्ज केले. सातांतला एक त्या नदीकाठच्या संस्थेचा, ज्याची मुदत मी सूप हलवत घालवली होती. सुवर्णानेही तिथेच केला. आमच्या भागातल्या उमेदवारांसाठी जागा एकच होती. सरांना कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "तुझा प्रस्ताव तिला दाखवू नकोस." तोवर तिने तो चार वेळा वाचला होता, आणि त्यातली सगळ्यात चांगली आकृती तिनेच सुचवलेली होती. मी तिला सरांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "पाचव्यांदा वाचू का?"

पाच ठिकाणचे नकार आले, एक जागा अजून गप्प आहे. नदीकाठच्या संस्थेने दोघींनाही मुलाखतीला बोलावलं. माझी मुलाखत श्रावणात, दुपारच्या तीनला. व्हिडिओ चालेल एवढं नेटवर्क फक्त खळ्यावर मिळतं म्हणून मी खळ्यातल्या दगडावर बसले आणि आबा मागे छत्री धरून उभे राहिले. पडद्यावर तिघे होते. एकाने विचारलं, इतक्या दुर्गम भागातून तुम्ही संशोधन कसं करता? मी म्हटलं, "दुर्गम तुमच्यासाठी. माझ्या प्रयोगशाळेत मी घरातून अनवाणी चालत जाते." शेवटी त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, आमच्याकडून होकार आला तर तुम्ही नक्की याल का? तीन कापण्यांपूर्वीची मी असते तर उडी मारून हो म्हणाले असते. मी म्हटलं, "माझे आणखी अर्ज आहेत. तुमचं सहीचं पत्र येऊ दे, मग माझा शब्द देईन." बाई हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. लॅपटॉप मिटल्यावर मला वाटलं, गेलं हेही. आबांचं निम्मं अंग भिजलं होतं. त्यांना फक्त शेवटचं उत्तर कळलं असावं, कारण घराकडे जाताना म्हणाले, "आत्ता कसं बोललीस."

आणि आज. आज आमच्या खाचरात सावड होती. शेजारचं घर, बबनकाकांचं घर, आणि भुकूमहून सुवर्णा तिच्या भावजयीला घेऊन आलेली. आम्ही ओळीने पात धरून कापत होतो. पात म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची पट्टी, ती संपेपर्यंत मान वर काढायची नाही. भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवलेला फोन वाजला. मी पात सोडून गेले.

नदीकाठच्या संस्थेचं पत्र होतं. मी एकदा वाचलं, मग सुवर्णाकडे बघितलं. जागा एकच होती. तिला त्या बघण्यातच कळलं. तिने विळा पेंढीवर पुसला, उगाचच, दोनदा. मग म्हणाली, "वाच की मोठ्यानं. आमाला काय फुकट बोलावलंय व्हय?"

मी वाचलं. आबा लंगडत जवळ आले.

"सही हाय?"

"हाय."

"शिक्का?"

"त्योबी हाय."

"शेवटी काय लिवलंय?"

"सात दिसांत कळवा म्हणत्यात, येतीया का न्हाई ते."

आबांच्या तोंडावर हळूहळू जे हसू आलं ते मी तीन वर्षांत बघितलं नव्हतं. "म्हंजी आता त्यास्नी आपला शब्द पायजे."

"व्हय."

"मंग थांबूंदे की जरा. आपल्यावर लोकांचं दिस हायेत."

खरंच होते. शेजारच्यांचे दोन, बबनकाकांचे दोन, सुवर्णाच्या घरचे दोन. ते फेडल्याशिवाय मी कुणालाच कसला शब्द द्यायला मोकळी नव्हते. मी फोन फडक्यात गुंडाळून ठेवला आणि पातीवर परत आले.

वरचं लिहून सहा दिवस झाले. मध्ये पाचव्या दिवशी संस्थेची आठवण करून देणारी मेल आली, आम्ही आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहोत. ती मी बबनकाकांच्या खाचरात वाचली. काका म्हणाले, "लई घाई दिसतीया त्यास्नी," आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा माझ्या बाजूचं काहीतरी होतं. खेकड्यांना मात्र ते अजून नावं ठेवतात.

आज सातवा दिवस. भुकूमच्या वरच्या अंगाला सुवर्णाची दोन खाचरं आहेत, आता चहूबाजूंनी इमारती आलेल्या. गच्चीवरची माणसं आमची कापणी मोबाइलवर टिपत होती. दुपारी भाकरी सोडल्या तेव्हा आबांनी बंडीच्या खिशातून सुपारी काढली आणि इकडेतिकडे अडकित्ता शोधू लागले. सुवर्णाने हात पुढे केला. "द्या हिकडं आबा, मी फोडते."

बांधावरच्या दगडावर ठेवून तिने एका घावात सुपारी फोडली. एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. म्हणाली, "माजी मुदत अजून दोन वरसं हाय. पुढच्या कार्तिकाआदी माजा अर्ज तितनं वाचायचा, लाल करून धाडायचा. तुज्यावर माजं दिस हायेत, इसरायचं न्हाई."

मी तुकडा तोंडात टाकला. मग तिथेच बसून उत्तर लिहिलं. येते. दर कार्तिकात मात्र मी माझ्या खाचरात असेन, प्रस्तावाच्या चौथ्या पानावर ते लिहिलेलंच आहे, त्यात बदल होणार नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, एक, खळ्याशेजारी, आणि पाठवून दिलं.

गच्चीवरून कुणीतरी ओरडून विचारलं, काय चाललंय, पूजा आहे का? सुवर्णा ओरडली, "कापनी हाय!" मी विळा उचलला. माझी पात अर्धी राहिली होती.